कामाच्या जागी किरणोत्सर्ग: कायदा कसा घडला, आज काय सांगतो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एक्स-रे विभाग, वेल्डिंगची रेडिओग्राफी, अणुवीज केंद्र, खाण, विमान अशा जागी काम करणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक सवय ठेवा: कुठलाही मर्यादेचा आकडा दिसला की तो कोणत्या सालचा आणि कोणत्या देशाचा, हे आधी बघा. निम्मे गोंधळ तिथेच सुटतात. शरीराला मिळालेल्या किरणांचा डोस सिव्हर्टमध्ये मोजतात. एककांचा हिशेब असा: १ सिव्हर्ट म्हणजे १,००० मिलिसिव्हर्ट, आणि जुन्या कागदांतला १ रेम म्हणजे १० मिलिसिव्हर्ट.

१. हे कायदे नक्की कोणत्या किरणांसाठी आहेत? मोबाइल टॉवर, एमआरआय त्यात येतात का?

नाही येत. हे कायदे आयनीकारक किरणांसाठी आहेत, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा असलेल्या किरणांसाठी: एक्स-रे, गॅमा, अल्फा, बीटा, न्यूट्रॉन. मोबाइल, मायक्रोवेव्ह, लेझर यांचे नियम वेगळे. एमआरआय आणि सोनोग्राफीत आयनीकारक किरण नसतात, त्यामुळे फक्त तेच काम करणाऱ्याला डोस मोजणारा बॅज लागत नाही. सीटी स्कॅन मात्र एक्स-रेच आहे.

२. मर्यादा ठरवतं कोण? आयसीआरपी, आयएईए, आयएलओ यांत कोणाचं ऐकायचं?

साखळी अशी आहे. १९५५ साली स्थापन झालेली संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती, अन्स्केअर, पुरावे गोळा करते. आयसीआरपी, म्हणजे किरण संरक्षणाची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संस्था, त्यावरून शिफारशी करते. आयएईए, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, त्या शिफारशींना मानकांचं रूप देते: पहिली मूलभूत मानकं १९६२ सालची, सध्याची २०१४ सालची. आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना; तिचा ११५ क्रमांकाचा करार १९६० सालचा, तो मंजूर करणाऱ्या देशांवर बंधनकारक. युरोपात युराटॉमचे (युरोपच्या अणुऊर्जा समुदायाचे) निर्देश सदस्य देशांना पाळावेच लागतात, त्यातला पहिला फेब्रुवारी १९५९ चा.

पण तुमच्या कारखान्याला किंवा रुग्णालयाला लागू होतो तो देशाचा कायदा आणि परवान्यातल्या अटी. 'आयसीआरपीचा नियम मोडला' असं कुणी म्हणालं तर ते शब्दशः चूक आहे. आयसीआरपीला दंड करण्याचा अधिकारच नाही. परवान्यातली अट कायद्यापेक्षा कडक असू शकते आणि तपासणीत तीच धरली जाते, म्हणून परवाना कपाटात न ठेवता वाचून ठेवा.

३. एक्स-रे लागल्यावर लगेच नियम का झाले नाहीत?

राँटगेनने एक्स-रे शोधले नोव्हेंबर १८९५ मध्ये. १८९६ सालातच त्वचा भाजल्याच्या, केस गळल्याच्या तक्रारी छापून आल्या होत्या. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये गेला. त्या काळी एक्स-रेची नळी नीट चालते का हे पाहायला चालक स्वतःचाच हात नळी आणि पडद्याच्या मधे धरायचा आणि हाडं किती स्पष्ट दिसतात ते बघायचा. रोज, दिवसातून अनेकदा, तोच हात.

कायदा लांबला त्याची तीन कारणं दिसतात. इजा वर्षांनी उघड होते. यंत्र चालवणारा अनेकदा स्वतःच डॉक्टर किंवा मालक असतो, म्हणजे तक्रार करायची कोणी आणि कोणाविरुद्ध? आणि सर्वात मोठं म्हणजे मोजायला सर्वमान्य एकक नव्हतं. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०२ मध्ये सुचवलेली कसोटी अशी: फोटोची काच सात मिनिटं ठेवून धूसर झाली नाही तर ठीक. त्या काळासाठी हुशारीची युक्ती, पण तिच्यावर खटला उभा राहत नाही. जर्मनीत १९१३ ला, ब्रिटनमध्ये १९१५ ला व्यावसायिक संस्थांनी सूचना काढल्या आणि १९२१ मध्ये ब्रिटिश समिती नेमली गेली, पण सगळं ऐच्छिक. 'राँटगेन' हे आंतरराष्ट्रीय एकक स्वीकारलं गेलं १९२८ ला, स्टॉकहोमच्या परिषदेत. आजच्या आयसीआरपीची पूर्वज समितीही तिथेच जन्मली. हॅम्बुर्गमध्ये १९३६ साली किरणांनी बळी गेलेल्यांचं स्मारक उभं राहिलं, त्यावर १६९ नावं होती.

४. डोसची पहिली मर्यादा कशावरून काढली?

त्वचा लाल होण्यावरून. १९२५ मध्ये आर्थर मुचेलर यांनी चांगल्या पद्धतीने चालणाऱ्या काही एक्स-रे विभागांत कर्मचाऱ्यांना किती किरण लागतात याचा अंदाज घेतला आणि सुचवलं: त्वचा लाल करणाऱ्या डोसच्या शंभराव्या भागापेक्षा जास्त डोस ३० दिवसांत मिळू नये. त्वचा लाल व्हायला सुमारे ६०० राँटगेन लागतात असं धरलं, तर महिन्याला ६, म्हणजे दिवसाला ०.२ राँटगेन. १९३४ साली आंतरराष्ट्रीय समितीने हाच आकडा घेतला. अमेरिकेच्या समितीने त्याच वर्षी दिवसाला ०.१ धरला.

या आकड्याला तेव्हा 'सहनमात्रा' म्हणत. शब्दातच गृहीतक आहे: याखाली शरीर सगळं सहन करतं. पुढची चाळीस वर्षं हे गृहीतक मोडण्यात गेली (प्रश्न ६ आणि ७).

५. घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींचं प्रकरण इतकं महत्त्वाचं का मानतात?

कारण तोवरचे सगळे नियम बाहेरून येणाऱ्या किरणांचे होते. अमेरिकेत १९१७ च्या सुमारापासून न्यू जर्सी, कनेटिकट, इलिनॉय इथल्या कारखान्यांत रेडियमचा चमकणारा रंग तबकड्यांवर लावायचं काम मुली करत. बारीक आकड्यांसाठी ब्रशला टोक हवं, म्हणून तो ओठांत धरून टोक काढायचं, रंगात बुडवायचं, पुन्हा ओठांत. प्रत्येक वेळी थोडं रेडियम पोटात. शरीर रेडियमला कॅल्शियमसारखं वागवतं आणि हाडांत साठवतं. मग जबडा कुजणं, हाडं मोडणं, हाडांचा कर्करोग.

न्यू जर्सीच्या दाव्यात मालकाची ढाल होती मुदत: इजा होऊन दोन वर्षांच्या आत दावा करायला हवा होता. पण रोग दिसायलाच त्याहून जास्त काळ लागला होता. १९२८ मध्ये पाच जणींशी तडजोड झाली: प्रत्येकी १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचार.

कायद्यात त्यातून तीन गोष्टी आल्या. एक, शरीरात गेलेल्या पदार्थाची वेगळी मर्यादा. १९४१ मध्ये अमेरिकेत शरीरातल्या रेडियमसाठी ०.१ मायक्रोग्रॅम ठरलं. तपासलेल्या लोकांत ०.५ पेक्षा कमी रेडियम असलेल्यांत इजा दिसली नव्हती, त्याखाली अंतर ठेवून हा आकडा घेतला. दोन, उघड्या किरणोत्सारी पदार्थाच्या खोलीत खाणं-पिणं, तोंडाने पिपेट ओढणं बंद. आज प्रयोगशाळेत पाण्याची बाटली दिसली तरी तपासनीस लिहून घेतो, त्याचं मूळ इथे आहे. तीन, उशिरा दिसणाऱ्या रोगासाठी मुदत कशी मोजायची हा प्रश्न (प्रश्न १७).

६. मर्यादा सतत खाली का येत गेली? आधीचे लोक चुकत होते का?

चुकत होते असं नाही, ते वेगळी इजा टाळत होते. दिवसाला ०.२ राँटगेन म्हणजे, १ राँटगेन साधारण १ रेम धरून, वर्षाला ढोबळमानाने ५०० मिलिसिव्हर्ट. १९५० मध्ये आयसीआरपीने आठवड्याला ०.३ राँटगेन धरलं, म्हणजे वर्षाला साधारण १५०. यामागे आनुवंशिक बदलांची भीती होती (जनुकशास्त्रज्ञ मुलर यांनी फळमाश्यांवर एक्स-रेचा परिणाम १९२७ मध्ये दाखवला होता) आणि युद्धकाळात अणुउद्योग अचानक वाढल्यामुळे हजारो नवे कामगार आले होते. १९५८ मध्ये सरासरी वर्षाला ५ रेम, म्हणजे ५० मिलिसिव्हर्ट.

१९५८ चं सूत्र जुन्या नोंदी वाचताना आजही लागतं: एकूण डोस ५ × (वय − १८) रेमच्या आत हवा, आणि कुठल्याही १३ आठवड्यांत ३ रेमपेक्षा जास्त नको. तीस वर्षांच्या कामगाराला ६० रेमपर्यंत मुभा. त्याच्या खात्यात शिल्लक असेल तर एका वर्षात ५ ऐवजी १२ रेमही कायदेशीर. जुन्या नोंदीत एखाद्या वर्षी ८ रेम दिसले म्हणून लगेच 'उल्लंघन' लिहू नका, आधी त्याचं वय आणि मागचा डोस काढा.

१९७७ मध्ये हे सूत्र गेलं आणि सरळ वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट आले. १९९० मध्ये २० आले, त्याचं कारण हिरोशिमा-नागासाकी. वाचलेल्यांच्या डोसचा हिशेब १९८६ च्या पद्धतीने नव्याने मांडला, शिवाय वय वाढत गेलं तसे ल्युकेमियाखेरीज (रक्ताच्या कर्करोगाखेरीज) इतर कर्करोगही वाढलेले दिसले, आणि धोक्याचा अंदाज वर गेला.

७. बॅजचा आकडा मर्यादेच्या आत आहे. मग अजून काय करायचं?

सर्वात जास्त गैरसमज इथेच. मर्यादा ही सुरक्षित आणि असुरक्षित यांच्यामधली रेघ नाही. ती ओलांडणं बेकायदा, पण तिच्या आत असणं पुरेसं नाही. आयसीआरपीच्या २००७ च्या हिशेबात प्रौढ कामगारासाठी कर्करोगाचा धोका दर सिव्हर्टला सुमारे ४ टक्के, आणि डोस कमी झाला तर त्याच प्रमाणात कमी. शून्यावर कुठे येत नाही.

म्हणून कायद्याचं खरं इंजिन म्हणजे अलारा: डोस वाजवीपणे शक्य तितका कमी. शब्दरचनाही सरकत आली आहे. १९६५ मध्ये 'सहज शक्य', १९७३ पासून 'वाजवीपणे शक्य', दोन्ही वेळा आर्थिक-सामाजिक बाबी धरून. १९७७ मध्ये समर्थनीयता (किरण वापरण्यात तोट्याहून फायदा जास्त हवा), इष्टतमीकरण (म्हणजेच अलारा), मर्यादा ही तीन तत्त्वं एकत्र आली आणि मर्यादा तिसरी आली, ते उगाच नाही.

तपासणीत हे असं दिसतं: 'तुमच्या दोन तंत्रज्ञांना वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, आणि तिसऱ्याला ९ कसे?' मर्यादा २०, तरी उत्तर द्यावं लागतं. तिसरा नळीजवळ उभा राहतो का? एका मीटरवरून दोन मीटरवर गेलात तर छोट्या स्रोताचा डोस चौथा हिस्सा होतो, फुकटात. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार अधिक करणं वाजवीपणे शक्य नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. तुमच्या देशात तसं नसलं तरी कागद तसेच तयार ठेवा: काय पर्याय होते, खर्च किती, डोस किती वाचला असता.

८. मर्यादा वर्षाला २० मिलिसिव्हर्ट की ५०? इंटरनेटवर दोन्ही दिसतात.

दोन्ही खऱ्या. आयसीआरपीचं म्हणणं: पाच वर्षांची सरासरी २०, आणि कुठल्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही. युरोपच्या २०१३ च्या निर्देशात वर्षाला २०, अपवाद फक्त खास परिस्थितीत. भारतात पाच वर्षांत १००, पण एका वर्षात ३०. अमेरिकेच्या अणुनियामकाने ५० च ठेवले. अमेरिकेतच कारखान्यांच्या सुरक्षा नियमांत अजून तिमाहीला १.२५ रेम असा जुन्या धर्तीचा आकडा आहे. जर्मनीत याशिवाय आयुष्यभराच्या नोकरीची मर्यादाही आहे, ४०० मिलिसिव्हर्ट.

सरासरीच्या पद्धतीत लोक अडकतात ते असे: चार वर्षांचे डोस २८, २४, २१, १९. एकही वर्ष ३० च्या वर नाही, सगळं ठीक वाटतं. बेरीज ९२. पाचव्या वर्षी उरले फक्त ८, आणि अनुभवी माणूस मार्चमध्येच कामावरून बाजूला. म्हणून बेरीज दर महिन्याला करा. पाच वर्षांचा टप्पा ठरावीक सालांचा की सरकता, हेही नियमात बघा.

९. डोळ्यांसाठी वेगळी मर्यादा का, आणि ती मधेच बदलली कशी?

जुनी मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्ट होती. एप्रिल २०११ मध्ये आयसीआरपीने सांगितलं की मोतीबिंदू ०.५ ग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या डोसचं एकक; एक्स-रेसाठी १ ग्रे साधारण १ सिव्हर्ट) आसपासही होऊ शकतो, आधी समजलं जायचं त्याहून बराच खाली, आणि मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने २० वर आणली. एका फटक्यात साडेसातपट कमी. फटका बसला तो अँजिओग्राफी करणाऱ्यांना: शिशाच्या एप्रनखाली शरीराचा डोस नगण्य, पण रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण थेट चेहऱ्यावर. अमेरिकेत १५ रेमची जुनी मर्यादा कायम राहिली. शिशाचा चष्मा बाजूंनी उघडा असेल तर उपयोग अर्धवट; छतावरून लटकणारी शिशाची काच नीट ओढून घेतली तर जास्त फायदा.

१०. बॅज कुठे लावायचा? एप्रनच्या आत की बाहेर?

एकच बॅज असेल तर एप्रनच्या आत, छाती ते कंबर यामध्ये, दर्शनी बाजू बाहेर. कॅथलॅबसारख्या (अँजिओग्राफीच्या खोलीसारख्या) जागी दुसरा बॅज गळ्याजवळ एप्रनच्या बाहेर. त्यावरून डोळ्यांचा अंदाज येतो आणि दोन्ही मिळून शरीराचा हिशेब होतो. हाताने स्रोत हाताळत असाल तर अंगठी, मोजणारा भाग स्रोताकडे.

चुका ठरलेल्या: दोन बॅजची अदलाबदल, एप्रनसकट बॅज एक्स-रे खोलीत खुंटीला, उन्हात तापलेल्या गाडीत, कपड्यांबरोबर धुलाईत, दुसऱ्याचा बॅज घालणं. आणखी एक, कमी बोलली जाणारी: आकडा वाढू नये म्हणून बॅज खोलीबाहेर काढून ठेवणं. असं केलेल्या माणसाच्या नोंदीत वर्षानुवर्षं शून्य राहतं, आणि नुकसानभरपाईच्या वेळी तोच शून्य त्याच्या विरोधात उभा राहतो.

११. बॅजचा आकडा अचानक खूप वाढला. आता?

बॅज खराब झाला असेल म्हणून नोंद खोडू नका. मालकाला परस्पर तो अधिकार नसतो. क्रमाने बघा: त्या काळात कोणतं काम केलं; सोबतच्यांचे आकडे; खिशातल्या अलार्मवाल्या मीटरची नोंद; बॅज कुठे ठेवला होता; नियंत्रण बॅज (जो कामाच्या जागेबाहेर ठेवतात) वाढला आहे का. बॅजमधल्या वेगवेगळ्या फिल्टरखालचे आकडे जुळत नसतील तर बॅजवर किरण विचित्र कोनातून पडले किंवा त्याला पदार्थ चिकटला, असा संशय घेता येतो. डोस १०० मिलिसिव्हर्टच्या वर असण्याची शक्यता असेल तर रक्तातली गुणसूत्रं तपासून अंदाज काढता येतो. त्याखाली ही चाचणी फारसं सांगत नाही. अहवाल लिहून नियामकाची मान्यता मिळाल्यावरच नोंद बदलते.

१२. माझा स्वतःचा सीटी स्कॅन झाला. तो कामाच्या डोसमध्ये धरतात का?

नाही. रुग्ण म्हणून मिळालेला डोस आणि नेहमीचा नैसर्गिक डोस कामाच्या मर्यादेत मोजत नाहीत. स्कॅनला जाताना बॅज काढून ठेवा. न्यूक्लिअर मेडिसिनची (किरणोत्सारी औषध शरीरात देऊन केलेली) तपासणी झाली असेल तर काही दिवस तुमच्या अंगातूनच किरण येत राहतील आणि बॅज ते पकडेल, म्हणून सुरक्षा अधिकाऱ्याला आधी सांगा.

१३. गरोदर कर्मचाऱ्याला कामावरून काढावं लागतं का?

नाही, आणि परस्पर काढणं हा भेदभाव ठरू शकतो. तिने गरोदरपण कळवल्यापासून बाळाला सर्वसामान्य नागरिकाइतकं संरक्षण: उरलेल्या काळात सुमारे १ मिलिसिव्हर्ट. अमेरिकेत पूर्ण गरोदरपणासाठी ५, आणि तेही स्त्रीने स्वेच्छेने लेखी कळवलं तरच लागू. व्यवहारात पोटाजवळ एप्रनखाली वेगळा बॅज, दर महिन्याला वाचन, आणि उघड्या किरणोत्सारी पदार्थांचं काम बंद. स्तनपान करणाऱ्या आईलाही शेवटची अट लागू राहते. अठरा वर्षांखालच्यांचा नियम याहून सरळ: १६ वर्षांखाली काम नाही, १६ ते १८ मध्ये फक्त प्रशिक्षणासाठी, वर्षाला ६ मिलिसिव्हर्टपर्यंत.

१४. जोखीम भत्ता किंवा जादा रजा देऊन संरक्षण कमी ठेवता येतं का?

नाही. इतिहास इथे मजेशीर आहे. १९२१ च्या ब्रिटिश सूचनांत कामाचे तास दिवसाला सातपेक्षा जास्त नकोत, सुट्टी शक्यतो मोकळ्या हवेत घालवावी आणि वर्षाला महिनाभर रजा असावी, असं होतं. मोजता येत नव्हतं तेव्हा रजा हाच डोस कमी करायचा मार्ग. आज मोजता येतं. आयएईएच्या सध्याच्या मानकांत स्पष्ट म्हटलं आहे की पगार, विमा, रजा, निवृत्तीचे फायदे हे संरक्षणाच्या बदल्यात देऊ नयेत. अनेक ठिकाणी जुनी किरण-रजा अजून चालू आहे. कराराने मिळत असेल तर घ्या, पण 'भत्ता घेता ना?' हे भिंत दुरुस्त न करण्याचं कारण असू शकत नाही.

१५. मी कंत्राटी आहे, तीन कंपन्यांत काम करतो. बेरीज कोण ठेवतं?

मर्यादा माणसाला लागू असते, नोकरीला नाही. तीन ठिकाणचे ८, ७, ६ म्हणजे २१. युरोपात १९९० च्या निर्देशाने बाहेरच्या कामगारांसाठी डोसचं वैयक्तिक दस्तऐवज सक्तीचं केलं, कारण अणुकेंद्रांच्या दुरुस्तीच्या काळात लोक एका केंद्रातून दुसऱ्यात जात. जिथे राष्ट्रीय डोस-नोंदवही आहे तिथे एकच क्रमांक सगळीकडे द्या. दोन ठिकाणी दोन क्रमांक असले तर तुमच्याच डोसची दोन माणसं होतात. नोंदी किती काळ? कामगार ७५ वर्षांचा होईपर्यंत, आणि काम सोडल्यापासून किमान ३० वर्षं. कंपनी बंद झाली तरी ही जबाबदारी संपत नाही, पण स्वतःच्या प्रती जवळ ठेवा.

१६. वैमानिक आणि खाणकामगार तर निसर्गाचेच किरण घेतात. त्यांना कायदा कशाला?

कारण काम त्यांना त्या किरणांत नेतं. युरोपात १९९६ पासून वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळू शकणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांचा हिशेब ठेवावा लागतो. बॅज नाही, मार्ग आणि उंचीवरून संगणक काढतो. खाणीत शत्रू रेडॉन वायू. अमेरिकेच्या युरेनियम खाणींत इशारे असूनही सक्तीची मर्यादा खूप उशिरा आली, आणि १९९० मध्ये त्या कामगारांसाठी भरपाईचा स्वतंत्र कायदा करावा लागला. युरोपात आता कामाच्या जागी रेडॉनसाठी घनमीटरला ३०० बेकरेल (किरणोत्सारितेचं एकक) ही संदर्भपातळी आहे, आयएईएकडे १,०००. संदर्भपातळी म्हणजे मर्यादा नव्हे: ओलांडली तर आधी हवा खेळती करा, भेगा बुजवा, पुन्हा मोजा. तळघरातलं कार्यालयही यात येतं.

अपघाताच्या वेळी मर्यादा बाजूला ठेवतात का, असंही विचारतात. ठेवतात, पण ठरवून. फुकुशिमात १४ मार्च २०११ रोजी जपानने आणीबाणीची मर्यादा १०० वरून २५० मिलिसिव्हर्ट केली. सहा जण त्याही पुढे गेले. जीव वाचवण्यासाठी आयएईए ५०० पर्यंत मार्गदर्शक मूल्य देते, मात्र कामगार स्वेच्छेने आणि धोका समजून गेलेला हवा.

१७. नोकरी सोडून वीस वर्षांनी कर्करोग झाला. भरपाई मिळेल?

मिळू शकते, देशानुसार वाट वेगळी. किरणांमुळे होणारे रोग व्यावसायिक रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत १९३४ च्या आयएलओ करारापासून आहेत. अडचण पुराव्याची: किरणांनी झालेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसत नाही. म्हणून काही देश शक्यतेचा हिशेब करतात: डोस, वय, लिंग, रोगाचा प्रकार, मधली वर्षं घालून 'या माणसाचा रोग किरणांनी होण्याची शक्यता किती' हे काढतात. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यात अण्वस्त्र कामगारांसाठी ही शक्यता ५० टक्के किंवा जास्त हवी, पण हिशेबातल्या अनिश्चिततेचा फायदा कामगाराला: आकडा ९९ टक्के विश्वासमर्यादेच्या वरच्या टोकाचा धरतात.

अर्जाआधी तीन कागद मिळवा: पूर्ण डोस-इतिहास, प्रत्येक ठिकाणी केलेल्या कामाचं वर्णन, आणि निदानाचा पॅथॉलॉजी अहवाल. नोंद हरवली असेल तर सोबत काम केलेल्यांच्या नोंदींवरून डोस पुन्हा मांडता येतो. मुदत निदानाच्या तारखेपासून की शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजतात हे पहिल्याच दिवशी विचारा.